दातांच्या ब्रिजचा स्कॅन घेण्याआधी

आधी कॅलिब्रेशन, म्हणजे तोंडात फिरवायच्या स्कॅनरचं माप जुळवून घेणं. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं आणि 34 ते 37 नंबरच्या दातांचा ब्रिज (एकमेकांना जोडलेले कृत्रिम दात) ट्रायलला डुगडुगला. मे महिन्यात स्कॅनर डिकीत टाकून सोलापूरहून बार्शीच्या क्लिनिकला न्यायचा, बाहेर चाळिशीपारचं ऊन, आत एसी, आणि पोचल्या पोचल्या स्कॅन सुरू करायचा, हे चालत नाही. निदान अर्धा तास खोलीत राहू द्या, चालू करून तापू द्या, मग कॅलिब्रेशन करा. काल केलं होतं? जागा बदलली, परत करा. बिघाड स्क्रीनवर दिसत नाही, चित्र सुरेखच येतं. एकट्या क्राऊनला, म्हणजे एका दाताच्या टोपीला, ते खपूनही जातं. ब्रिजला नाही, कारण एकेक फ्रेम मागच्या फ्रेमला जोडत जाते आणि चूक साठत जाते.

शेड, म्हणजे दातांचा रंग, दात कोरडे करण्याआधी बघा, वाळले की पांढरे दिसतात. प्रिपरेशनबद्दल, म्हणजे दात घासून तयार करण्याबद्दल, एवढंच, की धारदार कोपरे गोल करा. मिलिंगच्या बरला, म्हणजे क्राऊन कोरणाऱ्या मशीनच्या टोकाला, स्वतःची जाडी असते. त्याहून बारीक कोपरा आला, की बर आतून जास्त कोरतो आणि क्राऊन सैल होतो.

हिरडी बाजूला सारायच्या कॉर्ड (दोरे) दोन. खाली 000 नंबरची, वर 0 किंवा 1. वरची ओली करूनच काढा, कोरडी ओढली की रक्त येतं. खालची राहू द्या. इंप्रेशन मटेरियल (दातांचा साचा घ्यायचा लगदा) थोडंफार आत शिरतं, स्कॅनर शिरत नाही. प्रकाश पोचेल तेवढंच त्याला दिसतं, मार्जिनवर (घासलेल्या भागाच्या कडेवर) लाळेचा थेंब असेल तर तो थेंबच दात म्हणून नोंदवतो. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या बऱ्याचदा सुजलेल्या असतात. रक्त थांबत नसेल तर हट्ट नको, टेम्पररी लावा आणि आठवड्याने बोलवा. मंगळवेढ्याहून एसटीने आलेला पेशंट कुरकुर करेल, करू दे. ब्रिज पुन्हा बनवायचा झाला तर तीनदा यावं लागेल.

खुर्चीवरचा दिवा बाजूला. स्कॅनरची टिप गरम आहे ना बघा, नाहीतर वाफ धरते. आधी चावण्याची बाजू, मग जिभेची, मग गालाची. मध्येच उड्या मारू नका. स्कॅनमध्ये जीभ-गाल आला तर तेवढा भाग लगेच पुसा. मार्जिनपाशी भोक राहिलं तर तेवढंच परत घ्या. सॉफ्टवेअर भोक स्वतःच भरून देतं, त्यावर विसंबू नका.

आणि कॅलिब्रेशन झालंय ना? नसेल तर इथेच थांबा, आतापर्यंतचं पुसा आणि पहिल्यापासून घ्या.

बाइटचा (वरचे-खालचे दात कसे मिटतात त्याचा) स्कॅन पेशंटने दात पूर्ण मिटलेले असताना. शिमस्टॉक (दातांत धरून बघायची पातळ पट्टी) तोंडात जिथे अडकतो तिथेच स्क्रीनवर टेकलेलं दिसायला हवं. रंग हवा तर पीएलवाय प्रकारची फाइल पाठवा, एसटीएलमध्ये येत नाही. मार्जिन स्वतः आखा. दातांचे नंबर, शेड, मटेरियल लिहा. पेशंट उठण्याआधी फाइल एकदा उघडा.