टायटॅनियम फ्रेमचा उडालेला निळा रंग परत आणला: माझा अनुभव

माझ्या टायटॅनियम गॉगलच्या काड्यांवरचा निळा रंग कानामागे घासून उडाला होता. सांगलीत गणपती पेठेत विचारलं, तर स्प्रे मारून देतो म्हणाले. पण हा मुळात रंगच नसतो! विजेमुळे धातूवर पारदर्शक ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि प्रकाशाच्या खेळामुळे तो निळा किंवा सोनेरी दिसतो. छटा व्होल्टेजवर ठरते.

मग घरीच केलं. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या, म्हणजे साधारण 27 व्होल्ट. निळ्यासाठी तेवढे पुरतात. प्लास्टिकच्या डब्यात डिस्टिल्ड वॉटर आणि चमचाभर खायचा सोडा. पॉझिटिव्ह वायर काडीला, निगेटिव्ह स्टीलच्या चमच्याला.

पहिल्यांदा नुसते डाग पडले, फार वाईट वाटलं. कारणं दोन. बोटांचं तेल लागलं होतं, आणि बिजागरीचे स्टीलचे स्क्रू तसेच पाण्यात गेले होते. करंट तेच ओढत होते.

काच, नोजपॅड, स्क्रू सगळं काढलं. बारीक पॉलिश पेपरने जुना थर घासला, भांड्याच्या साबणाने धुतलं, अ‍ॅसिटोनने पुसलं. त्यानंतर हातमोज्यांशिवाय स्पर्शच केला नाही. क्लिपही पाण्याच्या वर ठेवली. काही सेकंदांत तपकिरी, जांभळी आणि मग गडद निळी छटा उतरली!

हिरव्यासाठी शंभरच्या आसपास व्होल्ट लागतात. तो धोका घरी अजिबात नको.