उंदराची जीन, गावठी अंडं

एफजीएफ-१० ही जीन काढून टाकली की उंदराच्या पिल्लाला ना पाय येतात ना फुप्फुसं. जन्मल्याबरोबर ते मरतं. पेशींना ‘वाढा’ म्हणून निरोप देणारं प्रथिनच नसल्याचा हा परिणाम. उंदरावर काम करायचं तर नैतिक समितीची परवानगी लागते. पण पंखाचा कोंब फुटायला कोंबडीतही हाच निरोप लागतो. तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बी.एस्सी.वाल्यांनी सरळ अंड्याला खिडकी पाडून, म्हणजे कवचाचा तुकडा कापून, आतला कोंब पाहावा.

दुकानातली पांढरी अंडी चालत नाहीत, ती फळलेली नसतात. कोंबडा पाळणाऱ्या घरून गावठी अंडी आणा, आठवड्याच्या आतली. एप्रिलच्या उन्हात बाजारात पडून राहिलेली तर नकोच. त्यांत भ्रूण अर्धवट वाढायला लागतो आणि पुढचे तास जुळत नाहीत.

अंडी इनक्युबेटरमध्ये (उबवणीच्या पेटीत) आडवी ठेवून वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा. तापमान ३७.५ ते ३८ अंश, आत पाण्याची वाटी. लाईट गेली तर इनक्युबेटर उघडू नका.

४८ तासांनी कवच ७० टक्के अल्कोहोलने पुसा. जाड टोकाला भोक पाडून सुई तिरकी खाली घाला आणि ३ मिली पांढरा बलक ओढा. भ्रूण कवचापासून खाली यावा म्हणून हे करायचं. उशीर केला तर रक्तवाहिन्या आतल्या पडद्याला चिकटतात आणि कापताना फाटतात. सिरिंजमध्ये पिवळं आलं तर ते अंडं गेलं. भोक सेलोटेपने बंद करा, खुणेवरही टेप लावा, मग बारीक कात्रीने २ सेंमीची खिडकी कापा. टेपमुळे कवचाचा चुरा आत पडत नाही. पाहून झाल्यावर खिडकी टेपने घट्ट बंद करा. फट राहिली तर भ्रूण सुकतो.

साधारण ७२ तासांना पंखाचे नि पायांचे कोंब दिसतात. उंदरात पुढच्या पायांचे कोंब साडेनवव्या दिवशी येतात. कोंबाची जाडसर कड भिंगातून नीट पाहा: तिथून एफजीएफ-८ हे एफजीएफ-१० च्याच कुळातलं निरोपाचं प्रथिन निघतं. १९४८ मध्ये भ्रूणशास्त्रज्ञ जॉन सॉन्डर्सने कोंबडीत ही कड कापली, तेव्हा पंख अर्धवट राहिला. कोंबाच्या मागच्या बाजूला सॉनिक हेजहॉग नावाची जीन चालू असते. करंगळी कुठे नि अंगठा कुठे हे त्यावरून ठरतं. गंमत म्हणजे पायासाठी ही जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा तिच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरं लांब आहे. उंदरात तेवढाच तुकडा काढला तर जीन शाबूत असूनही पाय खुरटतात. नुसत्या भिंगातून प्रथिनं दिसत नाहीत, आकारच दिसतो. वहीत तेवढंच काढा.

पाचव्या दिवसापुढे नेऊ नका. अंडी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मगच पुरा.