शिकवणीच्या सरांची स्मरणिका कशी काढावी

शाळेतल्या शिक्षकांचे गॅदरिंगचे फोटो, निरोप समारंभ असं काहीतरी मागे उरतं. घरच्या माडीवर सतरंजी टाकून तीस-तीस वर्षं शिकवणी घेणाऱ्या सरांची किंवा बाईंची नोंद कुठेच नसते. शोकसभेत सगळे 'देवमाणूस होते' म्हणतात आणि पांगतात. म्हणून पहिल्या स्मृतिदिनी हातात पडेल अशी छोटी पुस्तिका काढावी. चार महिने आधी कामाला लागा.

दिवसकार्य होईपर्यंत घरच्यांकडे विषय काढू नका. नंतर पहिलं विचारायचं ते नावामागे काय लावायचं: 'कै.', लिंगायतांत म्हणतात ते 'लिंगैक्य' की मुसलमानांतलं 'मरहूम'. आमच्या सोलापुरात सगळ्या धर्मांचे सर असतात, हे गृहीत धरता येत नाही. मग फीची वही मागा. विद्यार्थ्यांची नावं आणि वर्षं तिच्यातच सापडतात. पण कोणाची फी थकली, कोणाची माफ केली, यातलं एक अक्षरही छापायचं नाही. मोठेपणा दाखवायच्या नादात माजी विद्यार्थ्याची गरिबी चव्हाट्यावर येते.

यादी दहावीच्या वर्षाप्रमाणे लावा. मुलींचं माहेरचं नाव आधी, सासरचं नंतर. नाहीतर वर्गातल्या मैत्रिणीही ओळखत नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू आडनावं ऐकून लिहिली की हमखास चुकतात. ज्याचं त्याला देवनागरीत लिहून पाठवायला सांगा.

आठवणी मागवताना 'सरांविषयी दोन शब्द लिहा' असं म्हटलंत की सगळ्यांचं पान सारखंच येतं. त्याऐवजी नेमके प्रश्न पाठवा. तुम्ही कुठे बसायचात? सरांनी शिकवलेलं कोणतं गणित किंवा कोणती कविता अजून येते? रागावले की कोणता शब्द वापरायचे? वहीत लाल शाईने काय लिहिलं होतं? मर्यादा २०० शब्द, मुदत तीन आठवडे. मुदत उलटल्यावर एकेकाला फोन करावाच लागतो, तेवढे दिवस हाताशी ठेवा.

लिहायचा कंटाळा असेल त्यांच्याकडून फोनवर दोन मिनिटं बोलून घ्या. त्याचा साधारण २५० शब्दांचा मजकूर होतो. शेजारी यंत्रमाग चालू असेल तर काही ऐकू येत नाही, पाळी सुटल्यावर जा. तेलुगू, कन्नड किंवा उर्दूत बोलणाऱ्याला त्याच भाषेत बोलू द्या. मूळ मजकूर आणि खाली मराठी, असं दोन्ही छापा. ती लिपी वाचणाऱ्या माणसाने प्रूफ पाहिलंच पाहिजे, कारण फॉन्ट पीडीएफमध्ये बसवला नसेल तर छापखान्यात अक्षरांच्या जागी चौकोन येतात.

सरांच्या अक्षरातलं किमान एक पान हवंच. ते ३०० डीपीआयला (म्हणजे स्कॅनच्या बारकाईला) रंगीत स्कॅन करा, फिकट पेन्सिल असेल तर ६००. फोनने काढायचं झालं तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा; नाहीतर छपाईत धूसर येतं.

आकार ए-५, अक्षर १२ पॉइंट, आतला कागद ७० किंवा ८० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप). मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत हवीत. ६४ च्या पुढे गेलात की पुस्तिका फुगते, तेव्हा गोंदाचं बाइंडिंग घ्या. मजकूर युनिकोडमध्येच गोळा करा. जुन्या फॉन्टमधून बदलताना रफार आणि 'ऱ्या' हटकून बिघडतात, म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर वाचा. आयोजकांचे फोटो मलपृष्ठाच्या आत, लहान. (चौकातल्या फ्लेक्सवर ज्याला श्रद्धांजली त्याच्यापेक्षा वाहणारे मोठे दिसतात. ती हौस इथे नको.)

प्रती किती? होकार आलेले अधिक १५ टक्के, शिवाय घरच्यांसाठी २५. एक प्रत सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयाला द्या.

प्रकाशनाला रविवार बरा. पुण्या-हैदराबादची मंडळी सकाळी येऊन रात्री परतू शकतात. स्मृतिदिन जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येत असेल तर कार्यक्रम पुढे ढकला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत कोणी वेळेवर पोहोचत नाही. एप्रिल-मे असेल तर संध्याकाळी सहाच्या आधी ठेवू नका. आठ वक्ते, प्रत्येकी चार मिनिटं, आणि घड्याळ धरायला सरांचा सर्वांत जुना विद्यार्थी; त्याचं सगळे ऐकतात.

फीची वही आणि मूळ फोटो त्याच दिवशी, मोजून, घरच्यांच्या हातात परत द्या.