लेअर कुठे वेगळा करायचा, कुठे नाही: एका मुखपृष्ठाची गोष्ट

संगणकावर काढलेल्या चित्राला लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, किती लागतात, असं शिकणारी मुलं मला हमखास विचारतात. मी सांगते, संपादकांचा फोन आला तर ते काय काय बदलायला लावतील याची मनात यादी करा. यादीत जितक्या गोष्टी, तितके लेअर. नाक वेगळं, डोळे वेगळे, केसांचेच चार, अशी साठ-सत्तर लेअरची फाइल घेऊन येणारे बरेच असतात. बाईचे डोळे जागच्या जागी ठेवून नुसतं नाक हलवायची वेळ तुमच्यावर कधी येणार आहे, असं विचारलं की गप्प बसतात.

फोटोशॉप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्येही लेअर आले ते १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी एकदा चिकटवलं की चिकटलं. म्हणजे ही मुळात दुरुस्तीची सोय आहे, आणि तिच्याकडे तसंच बघितलं की अर्धा गोंधळ मिटतो.

उदाहरणाला एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ घेऊ. ताडपत्रीखाली बसलेली फुलवाली, पुढ्यात झेंडूचा ढीग, बाजूच्या टोपलीत पांढरी शेवंती. दसरा-दिवाळीच्या तोंडावर कोल्हापुरात महाद्वार रोडला गेलात की दिसतं तसलं दृश्य. मी क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर वापरते, कारण ते फुकट आहे आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर चालतं. तुमच्याकडे फोटोशॉप किंवा आयपॅडवरचं प्रोक्रिएट असेल तर पद्धत हीच, बटणं तेवढी वेगळी. ती जाता जाता सांगते.

कागद आणि मेमरी

ए-४ मुखपृष्ठ, चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (छापल्यावर कापून जाणारी जास्तीची कड), ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके. म्हणजे २५५१ बाय ३५७९ पिक्सेल, एकूण ९१ लाखांच्या वर. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेअर साधारण ३६ एमबी मेमरी खातो. असे वीस झाले की सातशे एमबीच्या पुढे, आणि अनडूचा, म्हणजे केलेलं मागे घेण्यासाठी जपलेल्या पायऱ्यांचा, हिशेब वेगळाच. प्रोक्रिएटमध्ये तर कॅनव्हासच्या मापावर आणि आयपॅडच्या मेमरीवर लेअरची कमाल संख्याच ठरलेली असते. म्हणून कॅनव्हास उघडतानाच माप पक्कं करा. छोट्या कॅनव्हासवर रंगवून नंतर मोठं करणं मुखपृष्ठाला परवडत नाही.

सगळ्यात वर एक लेअर करून त्यात अंकाचं नाव, वर्ष, किंमत यांच्या जागा चौकोनांनी भरून घ्या आणि त्याला कुलूप लावा. हा लेअर छापायचा नाही. पण तो नसला तर ताडपत्रीची सुंदर रंगवलेली दोरी बरोबर मास्टहेडच्या, म्हणजे अंकाच्या नावाच्या, खाली जाते.

कच्चं रेखाटन आणि सपाट रंग

रेखाटन एकाच लेअरवर, गडद किरमिजी किंवा निळ्या रंगात. काळ्यात करू नका. खाली रंग भरायला लागलं की कच्ची रेघ कुठली आणि रंगवलेली सावली कुठली ते कळेनासं होतं. या लेअरचा मोड, म्हणजे खालच्या रंगांत मिसळायची रीत, मल्टिप्लाय (तो काय करतो ते पुढे येईल), ओपॅसिटी म्हणजे रंगाचा दाटपणा तीस-चाळीस टक्के, आणि जागा सगळ्या रंगांच्या वर.

त्याखाली सपाट रंगांचे लेअर येतात. माझी यादी अशी: मागचा रस्ता आणि दुकानं एक, ताडपत्री एक, बाई एक, फुलं एक. टोपली फुलांबरोबरच. मागची गर्दी, स्कूटर, समोरच्या दुकानाची पाटी हे सगळं एकाच लेअरवर, कारण ते धूसर राहणार आणि त्यात कुणी बदल सांगणार नाही. बाई मात्र हलू शकते. 'थोडी डावीकडे घ्या, बारकोड बसत नाही' हा फोन ठरलेला. म्हणून तिच्यामागचा रस्ताही पूर्ण रंगवून ठेवा, तिच्या आकाराचं भोक ठेवू नका.

बाईच्या आकारावर साडी, काठ आणि अंगाचा रंग असे तीन लेअर क्लिप करते, म्हणजे त्यांचा रंग त्या आकाराबाहेर दिसत नाही. फोटोशॉपमध्ये दोन लेअरच्या मधल्या रेघेवर ऑल्ट दाबून क्लिक केलं, की वरचा लेअर खालच्याच्या आकारात अडकतो. प्रोक्रिएटमध्ये लेअरवर टॅप करून क्लिपिंग मास्क निवडायचा. क्रितात ही सोय इनहेरिट अल्फा नावाने आहे आणि तिथे नवखे हटकून अडतात. इनहेरिट अल्फा फक्त लगतचा खालचा लेअर बघत नाही, त्या ग्रुपमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या लेअरच्या गठ्ठ्यात, खाली असलेले सगळे लेअर बघतो. ग्रुप केलाच नाही तर सगळ्यात खालचा भरलेला रस्ताही त्यात धरला जातो आणि क्लिप झाल्याचं दिसतच नाही. म्हणून कंट्रोल-शिफ्ट-जी दाबा. ग्रुपसकट सगळं एका दमात होतं.

साडी हिरवी की जांभळी यावर चर्चा होणारच, म्हणून ती वेगळी. चेहऱ्याचे नाक-डोळे-कुंकू मात्र अंगाच्या रंगाबरोबर एकाच लेअरवर. चेहरा हा एकत्रच सुचतो आणि एकत्रच बिघडतो.

झेंडूचा ढीग

फुलागणिक लेअर करायची इच्छा इथे सगळ्यात जास्त होते. आवरा. ढिगाचा एकच आकार गडद तांबूस रंगात भरा आणि अल्फा लॉक करा, म्हणजे लेअरमधल्या रिकाम्या जागेला कुलूप लावा. प्रोक्रिएटमध्ये त्या लेअरवर दोन बोटं उजवीकडे सरकवली की झालं. आता ब्रश ढिगाच्या बाहेर जाणार नाही. गडद रंगावर मधला नारिंगी गोल-गोल टेकवत जा, फटींमध्ये गडद तसाच राहू द्या. शेवटी उजेडाकडच्या थोड्याच फुलांना पाकळ्यांची फिकट वलयं. ढिगात नीट काढलेली सहा-सात फुलं पुरतात. बाकीची बघणाऱ्याचा डोळा भरून घेतो.

ताडपत्रीखालचा उजेड

मुखपृष्ठ जमतं किंवा पडतं ते इथे. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या फुलवालीकडे नीट बघा. तिथला झेंडू नारिंगी नसतो, शेवाळी-तपकिरी दिसतो. पांढरी शेवंती चक्क निळी होते. मल्टिप्लाय मोड हेच आकड्यांत करतो: दोन लेअरच्या रंगांचा गुणाकार करून २५५ने भाग. झेंडूचा रंग २५५, १५०, ० (अनुक्रमे लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५) धरा आणि वर निळसर १२०, १६०, २३०चा मल्टिप्लाय लेअर टाका. उत्तर येतं १२०, ९४, ०. हाच तो मळकट शेवाळी. शेवंती २५५, २५५, २५५ असल्याने ती हुबेहूब लेअरचाच रंग घेते. पांढऱ्यावर पडलेल्या सावलीचा रंग ओळखता आला, की तोच मल्टिप्लायच्या लेअरला लावायचा, बाकी सगळ्या वस्तूंचे रंग आपोआप जुळतात. काळा किंवा राखाडी मल्टिप्लाय करून सावली टाकणाऱ्यांची चित्रं धुरकट का दिसतात, याचंही उत्तर यातच आहे.

आता तो फोन. 'चित्र छान आहे, पण निळी ताडपत्री दिवाळीसारखी वाटत नाही. पिवळी करता येईल?' येईल. पण निळ्या लेअरला नुसतं पिवळं, समजा २५५, २२५, १२०, करून बघा. झेंडू होतो २५५, १३२, ०, म्हणजे जवळजवळ उन्हातलाच. रंग बदलला तशी सावलीच नाहीशी झाली, कारण तो निळा गडद होता आणि हा पिवळा फिका आहे. अंधार आणि रंग, दोन्ही कामं आपण एकाच लेअरवर लादली होती.

म्हणून ती आधीपासून दोन लेअरवर वाटून ठेवायची. एक ग्रुप करा. आत खालचा लेअर नॉर्मल मोडमध्ये, ताडपत्रीखालचा सगळा भाग मध्यम राखाडीने भरलेला. हा ठरवतो उजेड किती कमी झाला ते. त्यावर ताडपत्रीच्या फिक्या रंगाचा लेअर, मल्टिप्लाय मोडमध्ये. हा ठरवतो उजेडाला छटा कोणती ते. राखाडी मळकट, असं मीच आत्ता म्हणाले. पण इथे तो एकटा नाही, वरच्या रंगाने गुणला जाऊनच चित्रावर पडतो. पूर्ण ग्रुपचा मोड मल्टिप्लाय ठेवा. ग्रुप पास थ्रू मोडमध्ये (त्यात आतले लेअर थेट खालच्या चित्रात मिसळतात) ठेवूनही असं करता येतं, पण क्रितात पास थ्रू ग्रुपवर मास्क चालत नाही, आणि मास्क, म्हणजे हवा तो भाग न पुसता लपवणारा पडदा, तर आपल्याला हवाच आहे. ताडपत्री पिवळी करायची झाली की आता वरचा लेअर आणि ताडपत्रीचा स्वतःचा लेअर, एवढे दोनच रंग बदलायचे. अंधार जागेवर राहतो. फक्त पिवळ्यात शेवंती आणि झेंडू एकमेकांच्या फार जवळ येतात, तेव्हा टोपलीमागचा भाग थोडा गडद करावा लागतो.

मास्क कशाला, तर कवडशासाठी. प्रत्येक ताडपत्रीला एखादं भोक असतंच. ग्रुपवर मास्क लावून त्यावर काळा ब्रश टेकवला, की तिथली सावली लपते आणि खालचा झेंडू मूळ रंगात पेटून उठतो. पांढरा ब्रश फिरवला की सावली परत, राखाडीने अर्धवट. खोडरबर वापरला असता तर सावलीचा तो तुकडा कायमचा गेला असता. भोक छोटं असेल तर त्याचा आकार कसाही असो, जमिनीवरचा कवडसा गोलसरच पडतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. ढिगाच्या उतारावर तो लांबट होतो. कडा किंचित मऊ ठेवा. कवडसे दोन किंवा तीन पुरेत. ताडपत्रीची चाळणी करू नका. कवडशातल्या दोन-तीन पाकळ्यांवर वेगळ्या नॉर्मल लेअरवर जवळजवळ पांढरा पिवळा लावा. ग्लो, कलर डॉज वगैरे मोड असतात, पण पाकळी चमकवायला त्यांची गरज पडत नाही.

तपासणी आणि विलीनीकरण

सगळ्यात वर काळ्याने भरलेला लेअर, मोड कलर. डोळ्याचं चिन्ह चालू केलं की पूर्ण चित्र कृष्णधवल. त्यात बाईचा चेहरा मागच्या दुकानात विरघळला, तर रंगांत कितीही वेगळा दिसो, अंकाच्या स्टॉलवर लांबून तो हरवणार. दर थोड्या वेळाने बघून बंद करा. चालू ठेवून निर्यात केलं तर काय होईल ते सांगायला नको.

नावं द्या. 'लेअर ४३ कॉपी २'मध्ये साडी शोधण्यापेक्षा 'साडी' लिहायला कमी वेळ लागतो. क्रितात आर धरून चित्रावर क्लिक केलं की तिथला लेअर सापडतो, पण म्हणून नावं टाळू नका.

जे संपलं ते एकत्र करा: मागच्या रस्त्याचे सुधारणांचे लेअर, फुलांवरचे किरकोळ थर. मल्टिप्लायचा लेअर मात्र घाईने खालच्यात विरघळवू नका. खालच्या लेअरमध्ये जिथे रिकामी जागा आहे तिथे गुणाकाराला काही मिळत नाही आणि त्या जागचा रंग बदलतो.

छापखान्याला

लेअरवाली फाइल आपल्याजवळ ठेवा. छापखान्याकडून त्यांचं सीएमवायके प्रोफाइल, म्हणजे चार शाईंच्या (सायन हा निळसर, मॅजेंटा हा गुलाबीसर, पिवळा आणि काळा) छपाईसाठीची रंगांची फाइल, मागून घ्या, फाइलची प्रत काढा, अंकाच्या नावाच्या चौकोनांचा लेअर बंद करून प्रत सपाट करा, म्हणजे सगळे लेअर एकत्र करा, आणि मगच तिचं रूपांतर करा. लेअर तसेच ठेवून रूपांतर केलं तर मल्टिप्लायचा गुणाकार शाईच्या आकड्यांवर होतो आणि सावल्या वेगळ्याच येतात. नारिंगी आणि झगझगीत निळा हे पडद्यावर दिसतात तितके कागदावर उतरत नाहीत, तेव्हा रंगीत प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, बघितल्याशिवाय होकार देऊ नका. प्रूफमध्ये कवडशातला झेंडू मातकट दिसला तर आयड्रॉपरने (रंग मोजायच्या साधनाने) सपाट प्रतीत त्या जागी सायन किती आहे ते बघा. उन्हातल्या नारिंगीला मॅजेंटा आणि पिवळा पुरतात, थोडा सायनही त्याला मळवतो. तो दिसला तर मूळ फाइलमधल्या फुलांच्या लेअरवर तेवढाच भाग जास्त पिवळसर करून नवी सपाट प्रत काढायची.