धातू कमी असलेल्या बटू दीर्घिकेतला रेणुवायू मोजताना

सरावासाठी तिमिंगल तारकासमूहातली डब्ल्यूएलएम ही बटू दीर्घिका घ्या. अंतर सुमारे १० लाख पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं), ऑक्सिजन सूर्याच्या जेमतेम १३ टक्के. (हायड्रोजन आणि हेलियम सोडून सगळ्यालाच इथे 'धातू' म्हणतात, रसायनवाल्यांनी रागावू नये.)

आधी अणुरूप हायड्रोजन. त्याची २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ रेषा खोडदच्या जीएमआरटीसारख्या दुर्बिणीवर मिळते. रेषेचा एकूण प्रवाह (जान्स्की-किमी/से; जान्स्की हे रेडिओ तीव्रतेचं एकक) गुणिले मेगापार्सेकमधल्या (दहा लाख पार्सेकच्या एककातल्या) अंतराचा वर्ग गुणिले २,३६,००० म्हणजे सौर वस्तुमानात हायड्रोजन. हेलियमसाठी पुन्हा १.३६ ने गुणा.

रेणुरूप हायड्रोजन थंडीत जवळजवळ मुकाच असतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा माग काढायचा. घोळ इथेच होतो. धूळ कमी असल्याने अतिनील किरण मेघात खोल शिरून हा रेणू फोडतात. हायड्रोजनचा रेणू मात्र स्वतःच स्वतःला आडोसा देऊन टिकतो. मोनॉक्साइड उरतो तो फक्त गाभ्यात. चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बीणसमूहाने २०१५ मध्ये इथे असे १० गाभे दाखवले, सरासरी त्रिज्या २ पार्सेक. या अंतरावर १ आर्कसेकंद म्हणजे ४.८ पार्सेक, १८ आर्कसेकंदांच्या झोतात (दुर्बीण एका वेळी पाहते तो आकाशाचा ठिपका) एक गाभा ०.२ टक्के जागाच भरतो. तेव्हा साधारण १ आर्कसेकंदाचा झोत हवाच.

गाभ्याचं वस्तुमान (सौर वस्तुमानात): १०४० × त्रिज्या (पार्सेक) × वेगविखुरणीचा (गाभ्यातल्या वायूचे वेग किती पसरलेत, किमी/से) वर्ग. रेषेची अर्ध्या उंचीवरची रुंदी तशीच घातली तर उत्तर साडेपाच पट फुगतं, आधी २.३५५ ने भागा. शिवाय हे वस्तुमान गाभ्याचंच, भोवतालच्या हायड्रोजनचं नव्हे.

भोवतालचा हायड्रोजनही हवा असेल तर मोनॉक्साइडच्या प्रकाशावरून रेणुवायूचं वस्तुमान काढण्याचा आकाशगंगेचा ४.३ हा गुणक वापरू नका. डब्ल्यूएलएमसाठी २०१३ मध्ये धुळीवरून तो १२४ च्या आसपास निघाला, अनिश्चितता ६०. पद्धत अशी: दूर-अवरक्त नकाशावरून धूळ काढा, वायू-धूळ गुणोत्तराने गुणून एकूण वायू मिळवा, त्यातून अणुवायू वजा करा; उरतो तो रेणुवायू, त्याला मोनॉक्साइडच्या प्रकाशाने भागलं की गुणक. सगळे नकाशे आधी सर्वांत भरड विभेदनावर (बारकावे दाखवण्याच्या क्षमतेवर) आणा. गुणोत्तर आकाशगंगेचं घेतलंत तर रेणुवायू ऋणसुद्धा येईल. एकूण ६० आणि अणुवायू ५० असेल, तर एकूणात २० टक्के चूक म्हणजे १२. रेणुवायू मुळात १०, म्हणजे चूक उत्तरापेक्षा मोठी.

तारेनिर्मितीचा दर फक्त एच-अल्फावरून (तापलेल्या हायड्रोजनच्या लाल रेषेवरून) काढू नका. अशा दीर्घिकेत मोठे निळे तारे मोजकेच, त्यामुळे आकडा हेलकावे खातो. दूर-अतिनील प्रकाश सुमारे १० कोटी वर्षांची सरासरी देतो. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीने ही मोजणी होते. वायू किती वर्षांत संपेल हे (रेणुवायू भागिले तारेनिर्मितीचा दर) काढताना वरची ६० ची अनिश्चितता पुढे न्यायला विसरू नका.