हवामान बदलाचा फटका शहरात कुणाला बसणार ते कसं शोधायचं, आणि मग काय करायचं

पाणी अडवायला भिंत बांधायची की ते उपसायला मोठे पंप बसवायचे, ही चर्चा आधी नकोच. आधी बघा फटका कुणाला बसतो. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची तज्ज्ञ समिती, धोका तीन गोष्टींतून मोजते, संकट काय येणार, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि त्यांची सोसायची ताकद किती. बहुतेक ठिकाणी पहिल्याच गोष्टीचे रंगीत नकाशे काढून काम थांबतं.

१९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेत ७०० हून जास्त माणसं गेली. ऊन सगळ्या शहरावर होतं पण गेलेल्यांत एकटे राहणारे म्हातारे खूप होते, घरात एसी नाही आणि दार वाजवून विचारपूस करणारं पण कुणी नाही. हे तापमानाच्या नकाशात कसं दिसणार?

म्हणून काम असं करा. मागच्या वीस-तीस वर्षांचा पाऊस, पूर, तापमान आणि त्या त्या दिवसांतले मृत्यू, हॉस्पिटलातल्या भरत्या, तक्रारी हे सगळं वॉर्डाप्रमाणे लावा. सॅटेलाइटवरून जमिनीचं तापमान फुकट मिळतं, फक्त ते हवेचं तापमान नाही हे लक्षात ठेवा. त्यावर म्हातारे, लहान मुलं, उन्हात काम करणारे, पत्र्याची घरं, सखल भाग असे थर चढवा. मग नकाशा घेऊन प्रत्यक्ष फिरा, गटारं साफ करणाऱ्या कामगारांना विचारा पाणी आधी कुठे तुंबतं, त्यांच्याइतकं कुठल्याच मॉडेलला कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट हमखास राहून जाते, साखळी. विजेचं सबस्टेशन बुडालं की पंप बंद, पंप बंद की अजून पाणी. न्यूयॉर्कमध्ये २०१२ च्या सँडी वादळात तळघरात पाणी शिरून एका मोठ्या हॉस्पिटलची वीज गेली, जनरेटर पण दगा देऊन गेले आणि पेशंट रातोरात हलवावे लागले. तुमच्या शहरात जनरेटर कुठल्या मजल्यावर आहेत ते आजच विचारा.

उपाय सगळे महागडेच असतात असं नाही. अहमदाबादने २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये हीट ॲक्शन प्लॅन आणला, त्यात आधीच इशारा देणं, डॉक्टर-नर्सना ट्रेनिंग आणि खात्यांचा एकमेकांशी ताळमेळ यावरच भर होता. कोपनहेगनने २०११ च्या ढगफुटीनंतर नुसते पाइप मोठे करायच्या ऐवजी रस्ते आणि बागाच अशा आखायला घेतल्या की जादा पाणी तिथे थांबेल किंवा वाहून जाईल. पण प्रत्येक उपायाला विचारा की ह्याचा त्रास दुसऱ्या कुणाला होणार का, कारण इकडे भिंत घातली की पाणी शेजारच्या वस्तीत शिरू शकतं, आणि नदीकाठची गरीब घरं उठवून तिथे बाग केली तर त्या लोकांचा धोका कमी झाला असं म्हणता येत नाही, ते कुठे गेले ते बघा.

शेवटी प्रत्येक कामापुढे खातं, अधिकारी आणि बजेटचा आकडा लिहा, आणि प्रत्येक पुरानंतर, प्रत्येक उन्हाळ्यानंतर नकाशा परत तपासा.