मुटका वळेपर्यंत: फळांवर आणि केकवर घालावयाच्या श्ट्रॉयझलची कृती

करंजीच्या पारीसाठी मैद्याला मोहन चोळताना आपण मूठभर पीठ हातात घेऊन मुटका वळतो का ते पाहतो, आणि वळलेला मुटका अंगठ्याने दाबताच मोडला की मोहन बरोबर पडले असे समजतो. भाजलेल्या फळांवर किंवा केकवर खुसखुशीत, ओबडधोबड कणांचा जो थर दिसतो, तो श्ट्रॉयझल नेमका याच टप्प्यावर थांबून केलेला असतो. करंजीसाठी यापुढे दूध किंवा पाणी घालून पीठ भिजवावे लागते. श्ट्रॉयझलमध्ये पाण्याचा थेंबही घालावयाचा नसतो. मात्र मोहन कडकडीत तापवून ओतण्याची आपली सवय येथे बाजूला ठेवावी लागते, कारण या पदार्थाची सारी गंमत थंड बटरवर अवलंबून आहे.

शब्द जर्मन आहे. ‘श्ट्रॉयेन’ म्हणजे भुरभुरणे, विखरून टाकणे, त्यावरून श्ट्रॉयझल. इंग्रजी वळणाचा ‘स्ट्रूझल’ हा उच्चारही कानांवर पडतो. कागदासारख्या पातळ पारीत सफरचंद गुंडाळून भाजलेला ऑस्ट्रियन श्ट्रूडेल हा निराळाच पदार्थ असून दोघांची गल्लत करू नये. जर्मनीत यीस्टने फुगवलेले पीठ ओव्हनच्या अख्ख्या ट्रेमध्ये पसरतात, त्यावर हे कण विखरून भाजतात आणि चौकोनी तुकडे कापून वाढतात. आज बहुतांश पोलंडमध्ये असलेल्या सायलेशिया प्रांताची या केकबद्दल ख्याती आहे, तर पश्चिम जर्मनीतील ऱ्हाइनलँड भागात अंत्यविधीनंतर जमलेल्या मंडळींना कॉफीबरोबर हाच केक देण्याची रीत आहे.

प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे: वजनाने दोन भाग मैदा, एक भाग साखर आणि एक भाग बटर. वीस सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यासाठी १५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम साखर आणि ७५ ग्रॅम बटर पुरते. वाटीच्या मापाने मैदा कधी दाबून तर कधी सैल भरला जातो, म्हणून येथे वजनकाटा वापरणेच शहाणपणाचे. बटर बिनमिठाचे असल्यास चिमूटभर मीठ घालावे. आपल्याकडे पावाला लावण्यासाठी मिळणारे पिवळे बटर खारट असते, ते वापरल्यास मीठ वगळावे. साखर नेहमीची, पण बारीक दाण्याची घ्यावी. पिठीसाखरेने कण मऊ आणि रेताड होतात. दाणेदार साखर भाजताना पूर्ण विरघळत नाही आणि म्हणूनच दाताखाली कुरकुरते. अर्धा चमचा दालचिनीची पूड ऐच्छिक आहे, परंतु फळ सफरचंदाचे असेल तर ती टाळू नये असे माझे मत आहे.

मैदा, साखर, मीठ आणि दालचिनी परातीत एकत्र करून घ्यावी. फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या बटरचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ते मैद्यात घोळवावेत. मग फक्त बोटांच्या टोकांनी, अंगठा बोटांवर फिरवीत, प्रत्येक तुकडा चिमटीत धरून पिठात चुरडावा. तळवा लावू नये. तळव्याच्या उबेने बटर वितळते. सुरुवातीला मिश्रण जाड रव्यासारखे दिसते आणि हात कोरडेच राहतात. दोन-तीन मिनिटांनी पिठाचा पांढरा रंग जाऊन फिकट पिवळसर झाक येते, आणि परात हलवली की काही गोळे वर येऊ लागतात. आता मूठ वळून पाहावी. मुटका वळत नसेल तर आणखी १० ग्रॅम बटर घालावे. मुटका वळून बोटाने दाबल्यावर तीन-चार मोठ्या तुकड्यांत फुटला, तर तेथेच हात थांबवावा. त्यानंतर मूठमूठ मिश्रण घट्ट आवळून मोडावे, म्हणजे हरभऱ्यापासून लहान बोरापर्यंतचे वेगवेगळ्या आकारांचे कण तयार होतात. सगळे कण सारखे करण्याच्या मागे लागू नये: बारीक कण आधी तांबूस होतात, मोठे आतून किंचित मऊ राहतात, आणि खाताना तोच फरक हवाहवासा वाटतो.

असे का करावे लागते हे समजले की चुका आपोआप कमी होतात. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी मुख्यतः पाणी. चोळताना स्निग्धांश पिठाच्या कणांभोवती बसतो आणि पाणी पिठातील प्रथिनांपर्यंत सहजी पोहोचू देत नाही, त्यामुळे पोळीच्या कणकेत येतो तसा चिवट ताण येथे येत नाही. फार वेळ मळले तर हे आवरण निरर्थक ठरते, सगळे मिश्रण एकजीव होते, आणि श्ट्रॉयझलऐवजी बिस्किटाचे पीठ हाती येते.

बटर साधारण ३२ ते ३५ अंशांवर वितळते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराचे तापमान त्याच घरात असते. एका एप्रिलच्या दुपारी मी मऊ पडलेले बटर चोळून, तसेच फळांवर पसरून भांडे ओव्हनमध्ये सारले होते. कण आकार धरण्याआधीच वितळून पसरले आणि चाळीस मिनिटांनी सफरचंदांवर पापडासारखा एकसंध पापुद्रा निघाला. तेव्हापासून मार्च ते जून या काळात मैदा आणि परात अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते, बटर गोठवून जाड किसणीने किसते, आणि तयार कण भाजण्यापूर्वी वीस मिनिटे पुन्हा गार करते. शेवटची पायरी तर कोणत्याही ऋतूत सोडू नये.

बटरऐवजी साजूक तूप वापरता येते, पण तुपात पाणी जवळजवळ नसते म्हणून ७५ ग्रॅम बटरच्या जागी ६० ग्रॅम तूप पुरे होते आणि तेही थिजलेले, रवाळ हवे. याचे कण नानकटाईसारखे विरघळणारे होतात, मोठे गोळे मात्र नीट टिकत नाहीत. मैद्याचा चौथा हिस्सा काढून त्याऐवजी ओट्स किंवा भरड कुटलेले बदाम घातल्यास कुरकुरीतपणा वाढतो. सगळाच मैदा काढून कणीक वापरली तर चव बरी लागते, पण थर जड होतो. निम्मी-निम्मी घेणे हा मला पटलेला मध्यममार्ग आहे.

फळांवर घालावयाचे असल्यास ६०० ग्रॅम सफरचंदे सोलून जाडसर फोडी कराव्यात. जर्मनीत यासाठी बॉस्कोपसारखी आंबट जात घेतात. आपल्या बाजारातील सफरचंदे बहुधा गोड असतात, म्हणून त्यांना एका लिंबाचा रस चोळावा आणि साखर दोन चमच्यांवर ठेवावी. एक चमचा कॉर्नफ्लोअर लावल्याने सुटणारा रस दाट होतो. स्ट्रॉबेरीला पाणी फार सुटते, तिला दोन चमचे कॉर्नफ्लोअर लागते. फोडी भांड्यात पसरून वर श्ट्रॉयझल विखरावा आणि हाताने दाबू नये, कारण कणांच्या मधल्या फटींतून वाफ बाहेर पडली तरच वरचा थर कोरडा राहतो. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर, मधल्या कप्प्यात, ३५ ते ४० मिनिटे भाजावे. वरचा रंग बदामी होणे पुरेसे नाही. कडेने रस दाट होऊन बुडबुडताना दिसला पाहिजे. वरचा रंग लवकर चढू लागला तर भांडे एक कप्पा खाली घ्यावे.

केकवर हाच थर घालताना पीठ घट्टसर असावे. ते पातळ असेल तर कण तळाशी बुडतात. अशा वेळी केक आधी दहा मिनिटे भाजून, वर किंचित साय धरल्यासारखा पृष्ठभाग झाला की मग कण टाकावेत. ओव्हनमधून काढल्यावर गरम भांड्यावर झाकण ठेवू नये, अन्यथा वाफेने तासाभरात सगळा कुरकुरीतपणा जातो.

कच्चा श्ट्रॉयझल डब्यात भरून डीप फ्रीझरमध्ये दोन महिने उत्तम राहतो आणि न वितळवता तसाच वापरता येतो, म्हणून एका वेळी दुप्पट करून ठेवावा. उरलेले कण नुसतेच ट्रेमध्ये पसरून १७० अंशांवर पंधरा मिनिटे, मध्ये एकदा उलथन्याने हलवून भाजावेत आणि पूर्ण गार झाल्यावर हवाबंद बरणीत भरावेत. आइस्क्रीमवर किंवा आम्रखंडावर वाढतेवेळी मूठभर टाकण्यास ते आठवडाभर कुरकुरीत राहतात.